कपाचा कान

लाँगटनमध्ये, आमच्या कारखान्यात,
ग्लेनिस कपांना कान लावते.
एकतीस वर्षं. दिवसाला आठशे.
ओल्या मातीचा ठिपका, अंगठ्याची एक दाब,
की कप पुढे.

मला वरच्या मजल्यावर टेबल मिळालं
आणि दारावर पाटी : नवकल्पना प्रमुख.
आई फोनवर म्हणाली,
म्हणजे नक्की काय करतेस गं तू?

पहिल्या वर्षी सात पिवळ्या पेट्या लावल्या.
लंडनहून एक माणूस आला, त्यानं आम्हा सगळ्यांना
रंगीत कागदांवर ढग काढायला लावले.
केक होता. भाषण होतं.
दोनशे बारा चिठ्ठ्या आल्या.
मी त्यांचा तक्ता केला, तक्त्याला रंग दिले,
तक्ता मीटिंगमध्ये दाखवला.
सगळे छान म्हणाले.
उत्तर कुणालाच गेलं नाही.

नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय.
नोव्हेंबरात पेटी उघडली तर आत
चिप्सचं रिकामं पाकीट
आणि एकच चिठ्ठी : संडासाची कडी.

कडी मी त्याच दुपारी बसवून घेतली.
खरा कार्यक्रम तिथून सुरू झाला,
अहवालात तसं लिहिता येईना, एवढंच.

मग ग्लेनिस बोलली, कपावरून नजर न काढता :
फळीवर कान दाराकडे करून ठेवतात ना,
वारा लागतो. कान आधी वाळतो, पोट मागून,
आणि सांध्यात तडा जातो.
फळी फिरवा.
अठ्ठ्याण्णव साली लिहून दिलं होतं मी.
कुणाला?
तुझ्या खुर्चीत तेव्हा जो होता त्याला.

फळ्या फिरवल्या. खर्च शून्य.
शंभरात सात फुटायचे, तीन फुटू लागले.
कपाला कान लावतो आपण, कंपनीला कोण लावणार,
असं एक वाक्य मला सुचलं.
भिंतीवर लावण्याजोगं होतं,
म्हणून खोडलं.

त्याऐवजी ठरवलं : दर शुक्रवारी चारच्या आत
प्रत्येक चिठ्ठीला उत्तर, नाव घालून, हातानं.
नाही म्हणायचं तर का नाही, तेही.
सर्वांत जास्त वेळ या नाहींनाच लागतो.

हिशेबाच्या प्रिचर्डशी अकरा महिने भांडले.
जे वाचेल त्याचा पाचवा हिस्सा
पुढच्या चिठ्ठ्यांसाठी बाजूला.
तो म्हणायचा, परतावा दाखव.
मी म्हणायचे, दुभत्या गाईला चारा घालतोस
तेव्हा परतावा विचारतोस का?
इथे गाई कोण पाळतं, म्हणायचा,
आणि शेवटी सही केली.

नजाबत रात्रपाळीला भट्टीवर असतो.
भट्टीची वाया जाणारी धग
नळातून वाळवणीच्या खोलीत आणू म्हणाला.
पहिल्याच रात्री तीनशे बशा
पापडासारख्या वाकल्या.
त्यातली एक माझ्या टेबलावर आहे, पेन्सिली ठेवते.
मला बशांची नव्हती काळजी.
मी पाहत होते, हा पुन्हा लिहितो का.
आठव्या दिवशी चिठ्ठी आली :
नळ बरोबर आहे. झडप चुकली.

या उन्हाळ्यात आईच्या ऑपरेशनला
सहा आठवडे साताऱ्याला होते.
जाण्याआधी गंमत म्हणून
एक चिठ्ठी मीही टाकली होती पेटीत,
बश्यांच्या मागच्या शिक्क्याबद्दल, दीड पान,
आकृतीसकट.

परतले तेव्हा ट्रेनमधून उतरून थेट कामावर आले, बॅगेसह.
वाटलं होतं, पेट्यांवर धूळ असेल.
सहा शुक्रवारांची उत्तरं फायलीत होती.
दोन वेगवेगळी हस्ताक्षरं,
एकाला स्पेलिंग येत नाही.
माझ्या टेबलावर, वाकड्या बशीखाली, माझंही होतं :

नाही.
दोन हजार तीनमध्ये करून पाहिलंय, शाई उतरते.
कारण मागे लिहिलंय.
पुन्हा जरूर सुचव.
ग्लेनिस.

मी पान उलटून कारण वाचलं.
बरोबर होतं.